थांबवलेला झोका

आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची पुढची भिंत एकच होती. सुरतेच्या उधन्यात अशा कारखान्याला सगळे ‘खातं’ म्हणतात. आमचे आबा त्याच खात्यात कामाला होते, त्यामुळे भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ते, असा आमचा निम्मा संसार चाले. लूम दिवसरात्र चालत. फळीवरचे पितळी डबे सारखे थरथरत असत आणि माय दर दोन-चार दिवसांनी ते पुन्हा भिंतीला सरकवून ठेवी. त्या आवाजाचा आम्हाला त्रास कधीच झाला नाही. त्रास व्हायचा तो आवाज बंद पडला की. लाइट गेली, लूम थांबले, की ओळीतल्या सगळ्या खोल्यांमधली माणसं झोपेतून दचकून उठून बसत, तान्ही पोरं रडायला लागत. आजही मी मोठ्याने बोलते. माझी लेक म्हणते, “आई, भांडतेस का बोलतेस?” मी तिला सांगते, बाई गं, ज्या घरात मी बोलायला शिकले तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकूच यायचं नाही.

माय घरी बसून धागे कापायची. खात्यातून साड्यांचे गठ्ठे येत, त्यांच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे बारक्या कात्रीने कापून द्यायचे. दारात बसून ती कापत असे आणि समोर जे दिसे त्याला आम्ही ‘बाग’ म्हणायचो. का म्हणायचो देव जाणे. कधीकाळी कुणीतरी तिथे घसरगुंडी बसवली होती, तिचा पत्रा चोरीला गेला होता आणि नुसती शिडी उभी होती. मधोमध एक कोरडा हौद, आणि हौदाच्या पलीकडे एक जुना, रुंद निंब. बाकी सगळीकडे कचरा. आजूबाजूच्या खात्यांमधला खराब धागा, चिंध्या, तेलाचे बोळे, सगळं लारीतून, म्हणजे हातगाडीवरून, येऊन तिथे पडे. पहाटे ओळीतले लोक डबा घेऊन तिकडेच जात, हेही सांगायला हवं, उगाच लाजून काय उपयोग. शहरात प्लेगची ती साथ आली तेव्हा निम्मी ओळ रातोरात गाव गाठून बसली होती, आम्हीही गेलो होतो. परत आलो तेव्हा मोठे रस्ते झाडले जात होते, औषध फवारलं जात होतं. पण झाडणाऱ्यांच्या रस्त्यावर आमची बाग काही आली नाही.

माझी मोठी बहीण मंगल. तिला आम्ही ताई म्हणत असू. साथीच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालं, तिकडे खानदेशात, आमच्या मूळ गावापासून फार लांब नव्हे. लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे खानदेशातल्या पोरीचा सगळ्यांत मोठा सण. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात. दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल, आखाजी चुकायची नाही. आमच्या ताईची चुकली. गावाकडून आलेल्या एका माणसाबरोबर तिच्या सासूने निरोप धाडला होता. तो बिचारा दारात उभा राहून, खाली बघत, जसंच्या तसं आमच्या अहिराणीत बोलला, “पोरले धाडसूत वं, पन झोका कोठे बांधशात? खोलीना पत्राले?”

 त्या माणसाला मायने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, पाणी दिलं, तो गेल्यावर ती पुन्हा साड्या घेऊन दारात बसली. पण त्या दिवशी तिच्या हातून एका साडीला कात्री लागली, असं आधी कधी झालं नव्हतं. नवऱ्याने दिलेली शिवी ती सहज पचवायची. पण तुझ्या लेकीला माहेर नाही, तुझ्या घराला झाड नाही, हे तिला फार लागलं. माहेर म्हणजे झाड, हा हिशेब तिचाही होताच. म्हणून तर सासूला नेमकं कुठे टोचायचं ते कळलं होतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी माय फावडं घेऊन बागेत उतरली. एकटीच. आबा रात्रपाळी करून आले होते, ते दारात उभे राहून ओरडले, “बाग काय आपला बापनी शे?” माय वर न बघता म्हणाली, “बापनी नही, पन आंडेर तर आपली शे ना.” आंडेर म्हणजे लेक. आबा दार लावून झोपले. शेजारच्या खोलीतली कोकिळामावशी, हिचा आवाज आमच्या ओळीत सगळ्यांत मोठा आणि गाणं सगळ्यांत गोड, ती कमरेवर हात ठेवून हसत होती. “काय वं, घान काढाना पगार भेटस का तुले?”

फावडं चाललंच नाही. वरवर कचरा दिसत होता, पण खाली सगळा धागा होता. वर्षानुवर्षं टाकलेला नायलॉनचा, पॉलिस्टरचा धागा पावसाने बसला होता, मातीत मिसळून घट्ट झाला होता. फावडं मारलं की ते उसळून परत येई. कुदळ अडकून बसे. माय थोडा वेळ धडपडली, मग तिने फावडं फेकलं, खाली बसली आणि घरून कात्री मागवली. रोज साडीचे धागे कापणारी बाई, ती जमिनीचे धागे कापायला लागली. एक टोक धरायचं, ओढायचं, जिथे अडेल तिथे कापायचं. हे बघून कोकिळामावशीचं हसू थांबलं. कारण हे काम तिलाही येत होतं. ओळीतल्या प्रत्येक बाईला येत होतं. दुपारपर्यंत ती आपली कात्री घेऊन आली, बरोबर आणखी दोघी. मावशीची उषाही त्याच वर्षी लग्न होऊन गेली होती आणि तिलाही झोका हवाच होता. मग त्या निंबाखाली बायकांच्या पाळ्या लागल्या. खात्यात जशी दिवसपाळी-रात्रपाळी, तशी बागेत सकाळपाळी आणि दुपारपाळी. जिची पाळी चुकली तिला बाकीच्या सोडत नसत. जमिनीतून लाल, जांभळा, सोनेरी धागा निघत राहिला. त्याचे ढीग घसरगुंडीच्या शिडीवर वाळत पडलेले मला अजून दिसतात. घरी जेवायला माय येई तेव्हा तिच्या नखांत रंग असे आणि भाकरीला मातीचा वास येई.

लारीवाला मात्र यायचा थांबला नाही. एक दिवस तो नेहमीसारखी भरलेली लारी घेऊन आला, तर माय नेमकी त्याच्या जागेवर बसून होती. तो वैतागला, सरक म्हणाला, शेठने इथेच टाकायला सांगितलंय. “बेन, खसो ने. शेठे कीधुं छे, अहीं ज नाखवानुं.” मायची गुजराती सगळी भाजीवालीकडून शिकलेली. ती म्हणाली, “शेठने केजे, बाई बेठी छे. नाखवुं होय तो मारा माथा पर नाख.”  तो लारी वळवून गेला. त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या पक्क्या घरातल्या जसुबा पहिल्यांदा बाहेर आल्या. गुजराती विधवा बाई, पांढरी साडी, आमच्या ओळीशी कधी दोन शब्द न बोललेल्या. त्यांनी सगळं गॅलरीतून पाहिलं होतं. त्यांनी मायला सांगितलं, बागेला पाणी लागेल ते माझ्या नळावरून ने. त्यानंतर त्यांच्या नळाला लावलेली हिरवी नळी बागेपर्यंत येऊ लागली.

आबांचा राग कधी गेला ते मला कळलं नाही. एवढं आठवतं की उन्हाळा लागताना ते पाळीवरून येताना खराब धाग्याची बंडलं घेऊन येऊ लागले. दारात बसून, पायाच्या अंगठ्यात टोक धरून ते पीळ घालत, आणि त्याचा जो दोर झाला तो माझ्या मनगटाएवढा जाड आणि सात रंगांचा होता. गावाकडे झोका अंबाडीच्या दोराचा असतो. आबा म्हणाले, सुरतचा झोका सुरतच्या धाग्याचाच पाहिजे. निंबाला तो दोर बांधला, खाली लाकडी पाट अडकवला, आणि गावाकडे उलट निरोप गेला की झाड आहे, झोका आहे, पोरीला धाडा.

ताई आली. उधना स्टेशनावर भुसावळकडची गाडी थांबली आणि ती उतरली तेव्हा मी तिला ओळखलं ते तिच्या पिशवीवरून. कोपरापर्यंत बांगड्या होत्या आणि त्या हातावरून खाली-वर घसरत होत्या. माय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घरी आल्यावर ताई पाण्याच्या माठाशी जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, “पानी लेऊ का?” आपल्या घरात, आपल्या माठातलं पाणी. मी हसले, मला वाटलं चेष्टा करते आहे. ती जेवायला बसेना, उभ्यानेच दोन घास खाऊन ताट धुवायला घेई. लूमच्या आवाजात तिला झोप लागत नव्हती, जिचा जन्म त्या आवाजात गेला होता तिला.

मायने तिला काहीच विचारलं नाही. आज कुणालाही हे विचित्र वाटेल, पण आमच्यात ते तसंच होतं. आखाजीला आलेल्या लेकीला विचारायचं नसतं. ती झोक्यावर बसली की आपणहून गाते. सासू कशी, नणंद कशी, नवरा कसा, सगळं गाण्यात सांगायची तिला मोकळीक असते आणि त्या गाण्यावरून तिला कोणी बोल लावत नाही. झोक्यावरून उतरली की ते संपलं. मग त्यावर कुणी बोलायचं नाही, आणि गाणं चालू असताना झोका थांबवायचा तर नाहीच नाही, तो मोठा अपशकुन. फार शहाणी पद्धत आहे असं मी कॉलेजात एकदा अभिमानाने सांगितलं होतं. बाईचं मन मोकळं होतं आणि कुणाचं घर मोडत नाही. 

आखाजीच्या दिवशी बाग ओळखू येत नव्हती. कोरड्या हौदाच्या कडेला चुली मांडल्या होत्या, उलट्या खापरावर पुरणपोळ्या भाजल्या जात होत्या, पोळीचा आणि निंबाच्या मोहोराचा वास एकत्र येत होता. घरोघर पितरांची घागर भरून झाली होती, सांजोऱ्या, कुरडया, आमरसाची पातेली, सगळं बागेत आलं. पुरुष हौदात उतरून पत्ते खेळत होते. उषा आली होती, ओळीतल्या आणखी दोघी-तिघींच्या लेकी आल्या होत्या. जसुबा खुर्ची घेऊन निंबाच्या सावलीत बसल्या. मायला झोका देण्याचा मान मिळाला. त्या दिवशी ती एवढी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडे बघून रडू यायला लागलं होतं, आनंदानेच.

कोकिळामावशीने सुरुवात केली. नवऱ्याने मला बाजारात विकली, शेळीच्या भावात विकली, असं ती गात होती आणि तो नवरा समोर हौदात पत्ते पिसत खिदळत होता. उषाने सासूला वाघीण म्हटलं, नणंदेला विंचू म्हटलं. प्रत्येक कडव्याला टाळ्या, हसणं. मग ताई बसली. पहिलं कडवं नेहमीचंच होतं, पिठाच्या डब्याला कुलूप लावणारी सासू. बायकांनी टाळ्या धरल्या. ताईचा आवाज कोकिळामावशीसारखा नव्हता, पातळ होता, पण तालात पक्का होता. झोका वर जाई तेव्हा ती थांबे, खाली येताना ओळ सोडी.

“सासरना आडमा पानी नही वं माय,
जाई जाई वाकीसन मी देखं.
पाऊस पडू दे, आड भरू दे,
मंग माले उतरनं शे.”

बायका हसल्या. मीही टाळ्या वाजवत होते. आडात उतरण्याची, नदीत वाहून जाण्याची गाणी आमच्याकडे ढीगभर आहेत, त्यातलंच हे एक. ताईने तेच कडवं पुन्हा घेतलं, आणि पुन्हा. जसुबांनी माझा हात ओढून विचारलं, “आ छोकरी शुं गाय छे?” मी त्यांना सांगितलं, सोप्या गुजरातीत, जशी धड्यातली गोष्ट सांगावी तशी. “कहे छे के कूवामां पाणी नथी, एणे वांका वळीने जोयुं छे. वरसाद पडशे, कूवो भराशे, पछी एने ऊतरवुं छे.”  जसुबा मोठ्याने म्हणाल्या, “तो तमे बधां हसो छो शाने?”

मग तुम्ही सगळ्या हसता कशाला? एवढंच त्या म्हणाल्या. पण माय आमच्यापासून हातभर अंतरावर झोका देत उभी होती आणि मी गुजरातीत सांगितलेला शब्द न् शब्द तिने ऐकला होता. आमच्या बोलीत, तालावर, झोक्यावरून ते ऐकलं तेव्हा ते गाणं होतं. दुसऱ्या भाषेत, ताल नसताना ऐकलं आणि ते तिच्या लेकीचं बोलणं झालं. झोका मागे आला. मायने ढकललं नाही. तिने दोन्ही हातांनी दोर धरला. झोक्याने तिला फरफटत पुढे नेलं, तिची टाच मातीत घसटली, पण तिने सोडला नाही. झोका हिसका देऊन थांबला आणि गाणं अर्ध्यावर राहिलं. टाळ्या बंद झाल्या. कोकिळामावशी किंचाळली, “काय करं हे! गाणामा झोका थांबाडा!” ताई पाटावर तशीच बसून राहिली, दोर धरून, खाली बघत. लूम चालू होते, तरी मला त्या दिवशी लाइट गेल्यासारखं वाटलं.

घरात त्यावरून जे झालं ते सगळं मला लिहवत नाही. आबा चिडले होते आणि घाबरलेही होते, हे मला आता कळतं. ते मायला म्हणाले, “गाणं शे ते. तुनी मायबी म्हने, तूबी म्हने. तू उतरनी का कधी आडमा?” माय म्हणाली, “मी वाकीसन देखेल नव्हतं.” आबांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही सहज म्हणवत नाही. झोक्यावरचा शब्द धरून प्रत्येक आईने लेकीला ठेवून घेतलं तर कोणती सासू सुनेला झोक्यावर धाडेल? ओळीतल्या बायकाही तेच बोलत होत्या. ज्या झोक्यासाठी सगळ्यांनी जमीन नखांनी उकरली, तोच झोका मायने नासवला, असं त्यांचं म्हणणं. आणि ताई? ती कात्री घेऊन मायबरोबर धागे कापत बसली. विचारलं तर म्हणे, “गाणं व्हतं.”

दोन दिवसांनी ताईचा दीर तिला न्यायला आला. पांढरे कपडे, हातात रुमाल, नीट बोलणारा तरुण माणूस. आबांनी चहा करायला सांगितला आणि ताईला तयार व्हायला सांगितलं. ताई उठून पिशवी भरू लागली.  आबा बशीत चहा ओतून घेत होते, तेवढ्यात माय दारातून उठली, ताईच्या समोर जाऊन उभी राहिली आणि दिराच्या देखत, साध्या आवाजात, बाजारभाव विचारावा तशी म्हणाली,

“मंगल, आडमा पानी शे का?”

ताईचा हात पिशवीत थांबला. “नही,” ती म्हणाली.

“मंग?”

“पाऊस पडना म्हंजे व्हई.”

तिने हे गायलं नाही. सांगितलं. आबांची बशी तोंडापाशी गेली होती ती तिथेच राहिली, मग त्यांनी ती खाली ठेवली.  दीर म्हणाला, “कसाना आड अन कसानं पानी? वहिनी, चाला, गाडी चुकी.” आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “पाव्हना, जेवण करीसन जा. ती येवाव नही.” ती येणार नाही. आयुष्यभर माझे आबा एवढं थोडकं आणि एवढं स्पष्ट पुन्हा कधी बोलले नाहीत. दीर न जेवता उठला. दारात चप्पल घालताना तो ओळीला ऐकू जाईल असं बोलला, “आखाजीनं गाणं धरीसन पोर ठेवतस का कोणी घरमा? आते देखा. तुमना झोकावर कोणी सून धाडाव नही. गावोगाव सांगसू मी.”

त्याने सांगितलंही. ते वर्ष आम्हाला फार जड गेलं. ओळीतल्या बायका मायशी कामापुरतं बोलत. बागेतल्या पाळ्या मोडल्या, लारीवाल्याने कोपऱ्यात पुन्हा ढीग लावायला सुरुवात केली. ताई तर घरात असून नसल्यासारखी. पावसाची पहिली झड आली तेव्हा माय कात्री टाकून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने ताईचं मनगट धरलं. दिवसभर धरलं. स्वयंपाक त्या दिवशी मी केला, वरण करपलं, कुणी काही म्हटलं नाही. नंतर मायने तिला बागेत नेलं. दोघींनी कुंपणाच्या कडेने करंज आणि गुलमोहर लावले, जसुबांच्या नळीने पाणी घालत राहिल्या. लारी आली की आता ताई त्या जागेवर जाऊन बसे, न बोलता. मायपेक्षा तिच्याच बसण्याला लारीवाला जास्त बिचकायचा.

पुढची आखाजी आली. मायने हट्टाने झोका बांधला, तोच सात रंगांचा दोर. चुली मांडल्या गेल्या नाहीत. कुणाचीही लेक आली नव्हती. कुणाच्या सासरच्यांनी आजारपण सांगितलं, कुणी सरळ नाही म्हटलं. रिकामा झोका वाऱ्याने थोडा थोडा हलत होता. सकाळी कोकिळामावशी बागेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. वर्षभर साठवलेलं होतं तिच्या मनात. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. “तुनी आंडेर तुले भेटनी. मनी उनी नही. झोका तू थांबाडा अन भोगी मी ऱ्हायनी.”

माय झाडांना पाणी घालत होती.  ती नळी हातात धरून उभी राहिली, पाणी एकाच आळ्यात वाहत राहिलं, आळं भरून बाहेर आलं. मग तिने नळी ताईच्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “चाल.”

“कोठे?” मावशीने विचारलं.

“उषाना गावले. ती उनी नही, तं आपन जाऊत.”

सणाच्या दिवशी, न बोलावता, लेकीच्या सासरी दोन बायकांनी जाऊन उभं राहायचं, हे आमच्यात कुणी करत नाही. मावशी घाबरून मागे सरली. माय खोलीत जाऊन सांजोऱ्या बांधून घेऊन आली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलीसुद्धा. मावशी थोडी थांबली, मग चप्पल हातात घेऊन तिच्या मागे पळाली. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. उषाच्या सासूने त्यांना ओट्यावरच बसवलं, टोमणे मारले, पण पाणी दिलं. माय उषाला बाजूला घेऊन सरळ विचारून आली, तुझं बरं आहे का. उषा हसायला लागली. तिचं बरं होतं. अंगाने भरली होती, पोटुशी होती, वाघीण म्हटलेली सासू तिला आंब्याच्या फोडी कापून देत होती. गाडीत मावशी सगळा रस्ता रडत आली म्हणे, मायचा हात धरून. पुढच्या वर्षी दोन लेकी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. बागेच्या पाळ्या पुन्हा लागल्या, त्यातल्या सकाळच्या ताईने घेतल्या.

आता त्या बागेला भिंत आहे, फाटक आहे, फिरायला फरशीची वाट आहे, आणि झाडाला दोर बांधू नये अशी पाटी आहे. मी मागे गेले होते. पाटी निंबालाच लावली आहे. तिच्यावरच्या फांदीला दोराने पडलेली खाच अजून आहे, हात उंच केला तर बोटाला लागते. ताई आता सुरतेतच, डिंडोलीत राहते, मला रोज फोन करते, पावसाळ्यात जरा जास्त वेळ बोलते. मी दर वेळी विचारते, कशी आहेस, आणि ती सांगेपर्यंत दुसरं काही बोलत नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या रिकाम्या आखाजीची दुपार. माय आणि मावशी गाडीने गेल्या होत्या, आबा पाळीवर होते, बागेत आम्ही दोघी बहिणीच होतो. ताईने सगळ्या आळ्यांना पाणी घातलं, नळी गुंडाळून जसुबांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मग परत येऊन ती झोक्याजवळ उभी राहिली. वर्षभरात तिने त्या दोराला हात लावला नव्हता. ती पाटावर बसली. मी तिच्या मागे गेले. मला भीती वाटत होती, ती गायला लागली तर मी काय करायचं, आणि नाही गायली तर काय. मी हळूच ढकललं. झोका गेला, आला. ताई गायली नाही. तिचे पाय जमिनीला घासत होते, मातीत दोन रेघा उठत होत्या. मला वाटलं तिला उतरायचं असेल, म्हणून मी दोर धरायला हात पुढे केले आणि विचारलं,

“ताई, थांबाडू का?”

तिने मान मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पाय वर उचलून घेतले.

“नको,” ती म्हणाली. “जोरमा दे.”